पाठ वाचवायची कुणापासून?

रविवारी सकाळी सोलापुरातल्या ज्या घरी यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यातल्या ठोसे-कुस्ती मिश्र लढती, लागलेलं असतं, तिथं चहाचा पहिला कप संपायच्या आत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "चीत झाला की बे, अजून का सोडवेनात?" म्हणणारं माणूस बहुधा घरातलं वडीलधारं असतं. त्यांची चूक नाही. मोहोळ, माढा, मंगळवेढ्याकडच्या जत्रांच्या फडात ज्यांचा डोळा तयार झाला, त्यांच्या लेखी खांदे मातीला लागले की हलगी वाजते आणि विषय संपतो. पिंजऱ्यात मात्र पाठ टेकल्यावर दुसरा अंक सुरू होतो. कुस्ती कळणाऱ्याला हा खेळ इतरांपेक्षा लवकर कळतो, आणि तो फसतो तोही नेमका इथंच.

कुस्तीत खाली गेलेला मल्ल काय करतो? पालथा होतो, छाती मातीला दाबतो, कोपरं अंगाशी घेतो, मान आखडतो. कब्जा वरच्याचा असला तरी जोवर चीत होत नाही तोवर भीती नाही. कितीतरी कुस्त्या अशाच बरोबरीत सुटल्यात. पिंजऱ्यात तीच बैठक घेतली की खेळ आटोपला समजा. वरचा दोन्ही पाय मांड्यांच्या आतून अडकवतो, एक हात हनुवटीखालून गळ्याभोवती घालतो, त्या हाताचा पंजा आपल्याच दुसऱ्या दंडावर रोवतो आणि दुसरा पंजा डोक्यामागे सरकवतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून इथं पालथं पडण्यापेक्षा उताणं पडणं बरं. पाठ वाचवायचीच, पण जमिनीपासून नव्हे, समोरच्यापासून.

दुसरा घोटाळा मानेचा. मातीत गळा आवळायला परवानगी नसते, त्यामुळे पट काढताना, म्हणजे पाय धरून पाडायला जाताना, मान लांब राहिली तरी फार बिघडत नाही. इथं तीच मान काखेत सापडते आणि गिलोटिन, म्हणजे समोरून आवळलेला गळ्याचा फास, बसतं. भारतात जन्मलेला पहिला यूएफसी खेळाडू म्हणून ज्याचं नाव घेतात तो आपला भरत खंडारे, मुळातला कुस्तीगीर. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगनं त्याला पहिल्याच फेरीत याच फासात संपवलं. उपाय पाठ करण्याइतका सोपा आहे : आत शिरताना नजर वर, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला. हात गळ्यात आलाच तर आधी दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली ओढायचं आणि डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या विरुद्ध बाजूला आपलं अंग न्यायचं. घाबरून डोकं मागं ओढलं की फास आणखी आवळतो. बहुतेक जण तेच करतात.

उताणं पडण्याची भीती मोडायची असेल तर चार्ल्स ओलिव्हेरा बघावा. यूएफसीत गळे आणि हातपाय आवळून सर्वाधिक लढती त्यानंच जिंकल्यात. मे २०२२ मध्ये जस्टिन गेचीनं ठोसा मारून त्याला खाली पाडलं. पण पडलेल्या माणसावर झेप घेण्याऐवजी गेची उभाच राहिला, 'ऊठ' म्हणून खुणावत. खाली गेलो तर आपलीच पंचाईत, हे त्याला ठाऊक होतं. ओलिव्हेरा उठला आणि त्याच फेरीत मागून गळा धरून जिंकला. अजिंक्यपदाचा पट्टा मात्र हातचा गेला होता, कारण आदल्या दिवशी काट्यावर तो ठरलेल्या वजनापेक्षा अर्धा पौंड जास्त भरला. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम! वजन उतरवताना शेवटचे काही किलो नुसतं पाणी असतं. मीठ तोडायचं, गरम पाण्यात बसायचं, घाम गाळायचा. (सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाराला सात रस्त्याला उभं राहिलं तरी काम भागेल.) ज्याचं अंग फार सुकतं तो वजन करून पाणी प्यायला तरी दुसऱ्या दिवशी ठोसा सोसत नाही. त्यामुळे काट्यावर गाल बसलेला, ओठ फुटलेला गडी दिसला तर जोडीचा अंदाज तिथंच बदलावा.

जोड बघताना जिंकल्या-हरल्याचे आकडे मला दुय्यम वाटतात. खाली पडल्यावर माणूस उठतो कसा, ते आधी बघावं. फडात हद्दीबाहेर गेलं की पंच मध्ये आणतो. इथं जाळी हा तिसरा पैलवान. ढुंगणावर सरकत जाळी गाठायची, खांदे टेकवून बसतं व्हायचं, पाय जवळ ओढायचे, एक हात समोरच्याच्या काखेखालून घालायचा, दुसरा तळवा जमिनीवर रोवायचा आणि पाठ जाळीवर घासत वर यायचं. यातला जमिनीवरचा तळवा हा खरा खांब. खबीब नुरमागोमेदोव्ह नेमका तोच काढून घ्यायचा. आधी आपल्या पायांनी समोरच्याचे दोन्ही पाय घोट्यापाशी बांधायचे, मग त्याच्या पाठीमागून हात नेऊन पलीकडचं मनगट धरायचं, आणि उरलेल्या हातानं मारत राहायचं. २०१८ मध्ये मॅकग्रेगरचे पाय त्यानं जाळीपाशी असेच बांधून ठेवले होते. सवारी, म्हणजे वर बसून जखडण्याचा डाव, ओळखणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि हाच खबीब २०२० मध्ये शेवटची लढत गेचीशी जिंकला तो स्वतः उताणा पडून, पायांच्या कैचीत गळा धरून!

ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागोत खमझात चिमाएव्हनं ड्रिकस डू प्लेसीला पंचवीसपैकी एकवीस मिनिटांहून जास्त वेळ दाबून ठेवलं, तेव्हा लोक कंटाळले म्हणे. मला तर खालचा गडी कुठल्या हातावर उठू बघतोय एवढं बघण्यातच वेळ पुरला नाही.

नुसत्या पटावर मात्र सगळं चालत नाही. मार्च २०२३ मध्ये मेराब द्वालिश्विलीनं प्योत्र यानवर ४९ वेळा पट टाकले, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला एक. बसले ११, तरी जिंकला. कारण प्रत्येक फसलेला पटही समोरच्याचा दम खातो. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा तीच जोड लागली. या खेपेला यान बरगड्यांवर हाणत राहिला आणि निकाल फिरला. पोटात मार बसलेला माणूस खाली वाकायला कचरतो, आणि न वाकता पट निघत नाही.

राहिला सगळ्यात जास्त घसा कोरडा करणारा विषय, इलिया टोपुरिया आणि इस्लाम मखाचेव लढले तर कोण जिंकेल? टोपुरियाचे आखूड, वळणदार ठोसे समोरच्याची पाठ जाळीला लागली की सर्वांत घातक. व्होल्कानोव्स्की तसाच पडला. मखाचेव मात्र जाळीपाशी मुद्दाम जातो, कारण त्याचं दुकानच तिथं आहे. दोघांनाही हवी ती जागा एकच. माझ्या मते पहिली सात मिनिटं टोपुरियाची, पुढची अठरा मखाचेवची. त्या सात मिनिटांत मखाचेव शुद्धीवर राहिला तर.