तरुण वयातला थायरॉईड

बहीण विशीतली, आणि झोप पूर्ण होऊनही दिवसभर गळून गेलेली, सगळ्यांना पंखा हवा तेव्हा ही शाल घेऊन बसणार, कंगव्यात रोज हे एवढं गुंतवळ, पाळीही लांबलेली. सगळे म्हणायचे जागरणं कमी कर. मला या वाक्याचा फार राग येतो, कारण तरुण पोरींना हेच ऐकवलं जातं आणि साधी रक्ततपासणी राहून जाते!

टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन) साधारण ०.४ ते ४ असतो, तिचा खूप वाढलेला आणि फ्री टी४ (थायरॉईड स्वतः बनवतं ते हार्मोन) कमी, म्हणजे मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून ओरडून सांगतेय पण गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला झेपत नाहीये. अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज) पण पॉझिटिव्ह, म्हणजे हाशिमोटो, शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते तो आजार. आता सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी चालूए.

आणि हो, केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर डॉक्टरांना विचारून थायरॉईडच्या टेस्टआधी किमान दोन दिवस थांबवा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.