बाकीचे नऊ

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की दुसऱ्या शनिवारी आमचा उपकारस्तुतीचा, म्हणजे आभार मानण्याचा, मेळावा असतो. शाळा मिरजेतली, मिशनच्या आवारातली. गावात कुणी तिला 'मिशनची शाळा' म्हणतं, कुणी 'बोर्डिंगची'. मी तिथंच पहिलीत बसले, तिथंच ३१ वर्षं मराठी शिकवलं आणि आता माजी विद्यार्थी मंडळाची चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे खुर्च्या मोजायच्या आणि कोण आलं नाही ते लक्षात ठेवायचं. दुसरं काम मी जरा जास्तच मनापासून करते, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. म्हणोत.

पहिल्या तासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. प्रार्थना, स्वागतगीत, अहवाल, शाल, नारळ. पाहुणे 'मी जास्त वेळ घेणार नाही' म्हणतात आणि पाऊण तास घेतात. तोवर मागच्या रांगेपर्यंत रश्श्याचा वास आलेला असतो आणि बोर्डिंगच्या पोरांचं लक्ष मंचावरून कधीच उठलेलं असतं.

भजनांच्या वेळी मात्र मी कुणाला उठू देत नाही. माझे आजोबा साताऱ्याचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्याला येऊन राहिले, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी तिथंच सुरू केला. त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या पदांना कायम वरचा पाट. आई इस्पितळातली पाळी संपवून आली की चूल पेटवताना तीच पदं म्हणायची. विलायती चालीची गीतं मलाही येतात, आवडतातही; पण पेटी, तबला, टाळ आणि मागं तंबोरा असं भजन लागलं की देव आपल्याच बोळातून चालत आल्यासारखा वाटतो. अलीकडं तरुण मंडळींनी कीबोर्ड आणलाय. त्यात तंबोऱ्याचंही बटण आहे म्हणे. मिरजेत राहून बटणाचा तंबोरा! ज्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं हे. मी काही बोलले नाही. सतारमेकर गल्लीत जाऊन तिथल्या वाद्यं बनवणाऱ्या चाचांना एवढंच सांगितलं, की यंदाही वाद्य पाहिजे. चाचा दर वर्षी तंबोरा स्वतः घेऊन येतात, जुळवून देतात, मागं खुर्ची टाकून बसतात आणि भाडं विचारलं तर रागावतात.

मग शास्त्रपाठ. उतारा दर वर्षी एकच : लूककृत शुभवर्तमानातला, दहा कुष्ठरोग्यांचा. दहा बरे होतात, एकच परत येऊन प्रभूच्या पायाशी पडतो, तोही परका, शोमरोनी. आणि प्रभू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? आमच्या वेळच्या हेडमास्तरांनी हा उतारा ठरवून दिला, तो आजवर कुणी बदलला नाही. मिरजेच्या पोरांना कुष्ठरोग पुस्तकात वाचावा लागायचा नाही. मिशनचे डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं इस्पितळ उघडलं, कुष्ठरोग्यांसाठी मिशनचं वेगळं इस्पितळही झालं. तिथली माणसं हाताला फडकं गुंडाळून बाजाराच्या रस्त्यानं जाताना आम्ही लहानपणी बघायचो. बघायचो आणि रस्ता बदलायचो, हेही लिहायला पाहिजे.

खरं सांगायचं तर हा उतारा वाचला जात असताना माझी नजर रजिस्टरावर असते. पत्रं ४०० जातात. पत्रं म्हणजे आता व्हॉट्सअॅप, पण ज्यांना चालत नाही त्यांना मी अजून पोस्टकार्ड टाकते. येतात ७०, फार तर ८०. पुण्याहून मिरजेला सरळ रेल्वे आहे. मुंबईची माणसं लग्नाला येतात, मंगळवारी निघून बुधवारी परत जातात. इथं मात्र 'बाई, रजा नाही'. चर्चचे पाळकसाहेब 'बाकीचे नऊ' म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं नऊ नव्हे, ३२० येतात, नावानिशी.

यानंतर जे येतं त्यासाठी मी वर्षभर थांबलेली असते. आम्ही त्याला 'उठणं' म्हणतो. ज्याला उपकार मानायचे असतील त्यानं जागेवरच उठायचं, माइक नाही, मंचावर येणं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं कुणीच उठत नाही. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येते. मग कुणाची तरी खुर्ची सरकते.

एका वर्षी एक गवंडी उठला. माझाच विद्यार्थी, नववीला बसला तो बसला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेली. म्हणाला, "मी नववी नापास. शाळेत काय शिकलो म्हणाल तर भिंत. मुलांच्या संडासाचं बांधकाम चाललं हुतं. मी तासाला बसत न्हाई म्हणून सरांनी मला गवंड्याच्या हाताखाली दिलं. भिंत सरळ हाय का बघायचा वळंबा धरायला मी तिथं शिकलो. आज माझ्या हाताखाली अकरा माणसं हाईत. तवा मी आभार मानतो, सरांचं, देवाचं आणि त्या संडासाचं." सगळा मंडप हसला. तो हसला नाही. हसणं थांबायची वाट बघून म्हणाला, "भिंत अजून वळंब्यात हाय. आत्ताच बघून आलो." आणि बसला.

मी भाषेची शिक्षिका. वक्तृत्व स्पर्धांसाठी किती भाषणं लिहून दिली त्याचा हिशेब नाही. एवढं सरळ वाक्य मला कधी लिहिता आलं नाही.

दुसरी आठवण पुराच्या वर्षाची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. सांगलीकडची माणसं मिळेल त्या वाहनानं मिरजेला आली, आणि आमच्या वर्गांतले बाक भिंतीला लागले. त्या वर्षी मेळावा घ्यावा की नाही यावरून मंडळात बरंच वाजलं. घेतला. 'उठण्या'च्या वेळी मागून एक अनोळखी बाई उठल्या. म्हणाल्या, "मी या शाळेत शिकलेली नाही. आमचा धर्मही वेगळा. मी पाचवी ब मध्ये आठ दिवस राहिले." एवढंच. पुढं बोलता आलं नाही, म्हणून त्यांनी पिशवीतून खडूंची दोन खोकी काढून शेजारच्या मुलाच्या हातात दिली. तेव्हापासून दर वर्षी येतात, खडू घेऊन. पाचवी ब ला आता पांढरा बोर्ड आलाय, हे त्यांना सांगायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. कपाटात खडू साठलेत.

लिलावाबद्दल न लिहून चालायचं नाही. हंगामाच्या सणाची ही रीत चर्चमधून शाळेत आली. ज्याच्या घरी जे पिकलं असेल त्यातलं थोडं आणायचं, वेदीपुढं ठेवायचं आणि मग त्याचा लिलाव. पैसे गरीब मुलांच्या फीला. आमच्याकडं शेंगा येतात, उसाच्या मोळ्या येतात, सांगलीची हळकुंडं, तासगावचा बेदाणा, गुळाची ढेप, कुणाच्या परसातला एकुलता एक पेरू. ज्यांच्याकडं शेत नाही ते अंडी आणतात. लिलाव पुकारायला आमचे पी.टी.चे सर; त्यांचा आवाज मैदानावरच तयार झालेला. ५० रुपयांचं पपई ७०० ला जातं, घेणारा ते परत टेबलावर ठेवतो, पुन्हा लिलाव. एक कोंबडा एकदा चार वेळा विकला गेला आणि पाचव्या वेळी सुटून थेट पाहुण्यांच्या खुर्चीखाली. त्या पाहुण्यांचं भाषण कुणाला आठवत नाही, कोंबडा सगळ्यांना आठवतो.

एकदा बेडगच्या एका पालकानं भलामोठा भोपळा आणला, दोघांनी उचलून आणावा असा. बोली अडली. तेवढ्यात सतारमेकर चाचा उठले, भोपळ्याजवळ उकिडवे बसले, तंबोऱ्यासाठी भोपळा पारखावा तसं कान लावून बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी टकटक केलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "याला सूर नाही. भाजीच करा." आणि स्वतःच ५०० ची बोली लावली.

आता जेवण, आणि आभार. आभाराचं काम माझ्याकडं, आणि त्यामागं एक दुखणं आहे. एका वर्षी मी नामदार ते नगरसेवक सगळ्यांचे आभार मानले आणि बोर्डिंगच्या स्वयंपाकाच्या मावशींना विसरले. त्या मागं परातीत बुंदी मोकळी करत उभ्या होत्या. मी मंचावरून उतरले तेव्हा म्हणाल्या, "बाई, चांगलं बोललासा." पुढच्या जूनला त्या गावी गेल्या त्या गेल्याच. म्हणून आता मी यादी करते. स्पीकरवाले भाऊ, जे प्रार्थनेच्या वेळी चप्पल काढून उभे राहतात. मंडपवाले, जे ३०० खुर्च्या सांगून २८० आणतात आणि पैसेही २८० चेच घेतात. शिपाईमामा. त्यांची सून, जिनं यंदा रांगोळी काढली. टँकरवाला. आचारी आणि त्याचे दोन भाचे. शाकाहारी पंगतीचं वांगं-बटाटा वेगळ्या चुलीवर सांभाळणाऱ्या समोरच्या वाड्यातल्या काकू. पाय मुरगळलेल्यांसाठी टेबल मांडून बसणाऱ्या नर्सिंगच्या मुली. वाढपी म्हणून राबणारी नववी-दहावीची पोरं. त्यांना शेवटी रस्सा उरत नाही, यंदा आधी काढून ठेवला होता. चाचा तर झालेच. गेट सांभाळणारे दोघं. आणि शेजारच्या मंगल कार्यालयाचे मालक, ज्यांनी गॅसच्या दोन टाक्या ऐनवेळी भिंतीवरून दिल्या.

आता रजिस्टराबद्दल. काही वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी संदेश न देता मुलांनाच विचारलं, "सांगा बघू, बाकीचे नऊ कुठं गेले असतील?" नेहमीची उत्तरं आली. विसरले. कृतघ्न होते. देवाला भ्याले. मी मान डोलवत होते. तेवढ्यात बोर्डिंगचा एक पाचवीतला मुलगा उठला. जत तालुक्यातल्या वाडीवरचा, आई-बाप दोघं ऊसतोडीला. म्हणाला, "घरी गेले असत्याल. त्यांना किती वर्सं गावात घेत नव्हते. बरं झाल्यावर पयलं घरीच जाणार की."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तो दिवस सुट्टी संपून बोर्डिंगला परत आल्याला दोन आठवडे झाल्याचा होता. त्याचे आई-बाप उसाचा हंगाम लागला म्हणून दिवाळीतच कारखान्याकडं गेले होते, पोरगं सुट्टीत आजीकडं राहून आलं होतं. हे मला नंतर वॉर्डनकडून कळलं.

तो मुलगा आता चाकणला कारखान्यात आहे. मेळाव्याला आलेला नाही, एकदाही नाही. पण शनिवारी सकाळी सातला, मी केसांत आकडे खोचत असते तेव्हा, त्याचा फोन येतो. "बाई, यंदा जमत न्हाई. चार दिवसांची रजा हाय, आईकडं चाललोय." मी म्हणते, जा बाबा.

रजिस्टरात 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोनच रकाने छापलेले. तिसरा मी पट्टीनं आखून घेतलाय : 'फोन आला'. त्यात यंदा १४ नावं आहेत.