आमची वाटचाल: चौदा सेलची गोष्ट

आमच्या टेस्ट बेंचखाली एक कॉइल आहे. लाकडी चौकटीवर तांब्याच्या जाड केबलचे वेढे, मध्ये लोखंड नाही. इंडक्टन्स 100 मायक्रोहेन्री. काकांनी ती हातानं गुंडाळली आणि अजून एक वेढासुद्धा हललेला नाही. लोखंडी गाभ्याची कॉइल, म्हणजे चोक, 600 अँपिअरला सॅच्युरेट होऊन दगा देते, ही देत नाही. फर्मची गोष्ट सांगायची तर मी तिच्यापासूनच सुरुवात करतो.

काम आमचं एकच, मीडियम व्होल्टेज ड्राइव्हची, म्हणजे मोठ्या मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणांची दुरुस्ती. 3.3 आणि 6.6 केव्हीच्या मोटरी चालवणारे कन्व्हर्टर, इन्व्हर्टर, त्यांचे पॉवर सेल (एकापुढे एक जोडलेले छोटे इन्व्हर्टर), स्विच चालू-बंद करणारे गेट ड्रायव्हर, सिग्नल नेणारं फायबर. सुरुवातीला थायरिस्टरचे सॉफ्ट स्टार्टर आणि सिंक्रोनस मोटरींचे जुने एलसीआय (थायरिस्टरवर चालणारे ड्राइव्ह) केले. थायरिस्टरच्या लांबलचक माळा, पाण्याचं कूलिंग, आणि पाण्याची कंडक्टिव्हिटी चढली की ट्रिप. मग सेलवाले ड्राइव्ह आले आणि आम्ही त्यातच रमलो. काका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मूळचे ट्रान्सफॉर्मर वाइंडर. 6.6 केव्हीच्या ड्राइव्हमध्ये सहसा फेजला सहा, असे अठरा सेल असतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वाइंडिंग्ज 10-10 अंशांनी सरकवलेल्या असतात. त्यामुळे सप्लायला 36 पल्स दिसतात आणि खालचे हार्मोनिक, म्हणजे विजेची लहर बिघडवणारे घटक, जवळजवळ नाहीसे होतात. लोक याची आकृती काढून दाखवतात. काका ते वाइंडिंग स्वतः भरायचे. भांडवल माझं होतं आणि हात त्यांचे, म्हणून पाटीवर पहिल्यापासून दोघांचंही नाव आहे.

मधली वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

2021 मध्ये आयजीबीटीचा, म्हणजे सेलमधला करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा दुष्काळ पडला. धंद्यातल्या प्रत्येकाला ते दिवस आठवत असतील. काही नगांची डिलिव्हरी वर्षापलीकडे गेली, नेहमीचे वितरक फोन उचलेनात. आमच्याकडे 1700 व्होल्टचे, 600 अँपिअरचे ड्युअल (एकात दोन स्विच असलेले) आयजीबीटी मॉड्यूल हवे असलेले चौदा सेल पडून होते. सहा एका भट्टीच्या आयडी फॅनच्या, म्हणजे भट्टीतली हवा ओढणाऱ्या पंख्याच्या ड्राइव्हचे, चार एका पंपिंग स्टेशनचे, बाकीचे चार आणखी दोन गिऱ्हाइकांचे. भट्टीवाल्यांचा दिवसातून तीनदा फोन यायचा. अशात एका दलालानं 40 मॉड्यूल्स देऊ केली. सीलबंद पेट्या, लेबलं नीट, लॉट नंबर एकसारखे.

पहिली दोन मॉड्यूल्स आम्ही डबल पल्सवर, म्हणजे स्विच दोनदा चालू-बंद करून बघायच्या चाचणीवर घेतली. डीसी बस 950 व्होल्ट, मध्ये काकांची कॉइल. करंट दर मायक्रोसेकंदाला साडेनऊ अँपिअरनं चढतो, म्हणजे 63 मायक्रोसेकंदांत 600. मग बंद करायचं, पुन्हा क्षणभर चालू करायचं आणि डायोडची रिकव्हरी, म्हणजे तो कसा बंद होतो, ती पाहायची. दोन्ही खणखणीत निघाली. तिथं माझी चूक झाली. सेलला दोन प्रमाणे लागणाऱ्या 28 पैकी उरलेली 26 मी डायोड मोडवर मीटर लावून आणि गेटची लीकेज बघून बसवायला सांगितली. काका म्हणाले, "सगळी घेऊ, दोन दिवस जातील." मी म्हणालो, "भट्टी थांबलीय." हे दोन शब्द मला आजही टोचतात.

भट्टीच्या ड्राइव्हला सेल बायपास नव्हता. एक सेल गेला की अख्खा ड्राइव्ह ट्रिप. नवव्या दिवशी पहिला गेला, चौदाव्या दिवशी दुसरा, पंधराव्या दिवशी तिसरा. तिसऱ्यात मॉड्यूलचं झाकण उडालं आणि लॅमिनेटेड बस बार (करंट नेणारी थरांची पट्टी) काळा पडला. आयडी फॅन बंद म्हणजे भट्टीला ओढ नाही, आत जाणारा माल तोडावा लागतो. त्यांचा राग मला कळतो. जे नंतर झालं, ते मात्र मी विसरलेलो नाही.

आमच्याच धंद्यातली एक फर्म दुसऱ्या दिवशी तिथं हजर. त्यांच्या माणसानं फुटलेल्या मॉड्यूलचा फोटो काढला, आमचं स्टिकर आणि सेलचा नंबर स्पष्ट दिसेल असा, आणि तो आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर पोहोचवला. खाली लिहिलं होतं, स्वस्तातली दुरुस्ती. या धंद्यात स्वस्त म्हणून आम्हांला कोणी कधी ओळखलेलं नाही. भट्टीवाल्यांनी जळालेले तीन सेल परत पाठवले, बिल अडवलं आणि आमचे चालते तीन सेल त्या फर्मच्या हाती दिले. काय झालं होतं हे विचारायला एकानंही फोन केला नाही.

कारण काकांनी शोधलं. कपाटात त्या लॉटची बारा मॉड्यूल्स शिल्लक होती. त्यांनी डबल पल्सचा बेंच लावलाच नाही, नुसता एलसीआर मीटर (कपॅसिटन्स मोजणारा) घेतला. कलेक्टर-एमिटर शॉर्ट करून गेटची कपॅसिटन्स मोजली आणि शेजारी जुनं, खात्रीचं मॉड्यूल ठेवलं. बारापैकी सातांची कपॅसिटन्स जवळजवळ निम्मी भरली. चिपचं क्षेत्रफळ कमी असेल तर गेटची कपॅसिटन्सही कमी येते, साधी गोष्ट आहे. एक मॉड्यूल कापलं, चिप्सवरचा जेलीसारखा थर काढला. खऱ्यात जेवढ्या चिप्स असतात त्याच्या निम्म्या आत होत्या. कमी रेटिंगची मॉड्यूल्स पुसून वर नवं छापलेलं. 600 अँपिअरला खऱ्या मॉड्यूलचा ऑन व्होल्टेज दोनाच्या आसपास येतो, यांचा तीनच्या वर गेला. म्हणजे त्याच हीटसिंकवर उष्णता दीडपट. मीटरच्या डायोड मोडला यातलं काहीच दिसत नाही. लॉट मिसळलेला होता, खरी मॉड्यूल्स वरच्या पेटीत होती आणि आम्ही नेमकी तीच तपासली.

एलसीआर मीटर तुमच्याकडे असेलच. मॉड्यूल कुठूनही आलेलं असो, अधिकृत वितरकाकडून आलेलं असलं तरी, गेट मोजा आणि आकडा वहीत लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

आठ सेल अजून बाहेर चालू होते, त्यांतला एकही फुटला नव्हता. गप्प बसता आलं असतं. आम्ही तिन्ही गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून सांगितलं की सेल काढा, आमच्या खर्चानं परत आणतो. दोघांनी सेल दिले आणि पुढचं काम बंद केलं. तिसरे पंपिंग स्टेशनचे साहेब. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चारही घेऊन जा. पण परत आणताना प्रत्येक मॉड्यूलचा वेव्हफॉर्म छापून आणा. मला वाचता येतो."

तोवर फर्म बसल्यातच जमा होती. तीन महिने पगार अर्धे. दलालानं फोन बंद केला. त्याला दिलेले आमचे पैसे बुडाले ते आजपर्यंत. आठ सेलमधल्या सोळा मॉड्यूल्सपैकी नऊ बनावट निघाली, ती आम्ही पदरचे पैसे घालून बदलली. काकांनी त्या काळात एक पैसा घेतला नाही आणि रोज माझ्या आधी येऊन बेंचवर बसले.

साहेबांना खरोखरच वेव्हफॉर्म वाचता येत होता. एका कागदावर त्यांनी बोट ठेवलं, "हा टर्न-ऑफचा स्पाइक बाकीच्यांपेक्षा उंच का?" आम्ही सेल उघडला तर बस बारचा एक बोल्ट ढिला होता. त्यामुळे स्ट्रे इंडक्टन्स, म्हणजे जोडणीतला नको असलेला इंडक्टन्स, वाढला होता. त्या दिवसापासून प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं कसून त्यावर रंगाची रेघ ओढतो. सेलच्या आउटपुटला चोक लावून चार तास पूर्ण करंट फिरवतो. सप्लायवर फक्त उष्णतेत वाया जाणाऱ्या विजेचा भार येतो, त्यामुळे छोट्या वर्कशॉपलाही हे जमतं. करंट फिरत असतानाच थर्मल कॅमेऱ्यानं सगळ्या पट्ट्या आणि जोड बघतो. साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले साहेबही आधी कागद मागतात, मग सेल उतरवून घेतात.

ड्राइव्ह सांभाळणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. स्पेअर सेल दोन-तीन वर्षं कपाटात ठेवून एकदम 690 व्होल्टवर टाकू नका. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ऑक्साइड थर झिजलेला असतो. व्हेरिअ‍ॅकनं तासाभरात व्होल्टेज हळूहळू चढवा, लीकेज बघत. आणि फायबरची टोकं शर्टानं पुसू नका. लिंक फॉल्ट म्हणून आमच्याकडे येणाऱ्या किती सेलमध्ये नुसता धुळीचा कण निघतो! फिल्टर तर वेळेवर बदलाच. कपॅसिटर 10 अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि जाळीतल्या धुळीपायी 10 अंश सहज चढतात.

नवा ड्राइव्ह घ्या असा सल्ला देणारे खूप आहेत. फॅन 80 टक्के वेगानं चालवला की जवळजवळ निम्मी वीज लागते, आणि जुना ड्राइव्हही ती बचत तितकीच करतो. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत असेल आणि सेल दुरुस्त होत असतील तर तो भंगारात कशाला काढायचा?

काकांची नजर आता अधू झालीय. वर्कशॉपला आले तरी बेंचवर बसत नाहीत, मुलांना कॉइल पुसायला लावतात.

गेल्या महिन्यात एक नवे गिऱ्हाईक आले. बोलता बोलता त्यांनी फोन पुढे केला, तोच फोटो. मी त्यांना आतल्या कपाटाशी नेलं. तिथं ते कापलेलं मॉड्यूल ठेवलंय, शेजारी खरं. फोटोत दिसणारा सेलचा नंबर मी वहीत काढून दाखवला. तारीख, दलालाचा लॉट, आणि त्यापुढे माझ्या हातची नोंद: डबल पल्स केली नाही. ते बराच वेळ ते पान वाचत होते. मग त्यांनी विचारलं, सहा सेल आहेत, कधी आणू?