केस पेपरवर माहेरचं नाव

सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी भरते. तिथे मी समुपदेशक आहे. छातीत धडधडतं, झोप नाही, ईसीजी नॉर्मल, असे कागद घेऊन बाया येतात. मे २०२५ संपता संपता ती तशीच आली. नवरा फौजी, जम्मूकडे. भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी १० मेलाच झाली होती, तरी सून रात्रभर टीव्ही बंद करू देत नाही, असं सासू सांगत होती.

अशा वेळी आधी सोबतच्या माणसाला बाहेर पाठवावं लागतं. मी सासूबाईंना औषधाच्या रांगेत उभं केलं. मग ती बोलायला लागली, आणि तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "सगळं बरंय हो, बाजारात आलेय," असं ती इतक्या हसऱ्या आवाजात म्हणाली की मी बघतच राहिले. हात थरथरत होते, आवाज नाही.

मी टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिला. मराठीत बोलता येतं, सैन्यदलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३ मध्ये वेगळा कक्षही सुरू झाला. ती म्हणाली, "ताई, तेवढ्यात ह्यांचा फोन आला आणि बिझी लागला तर?" त्याला रेंज मिळेल तेव्हाच तो करतो. ही सेवा चांगलीच आहे, पण फौजीच्या घरातला फोन कुणासाठी मोकळा ठेवलेला असतो, हे आखणाऱ्यांनी पाहिलेलं नाही. सासरे निवृत्त हवालदार, घरात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे, पण सून त्यात बसत नाही. मोठं लष्करी रुग्णालय पुण्यात. गावातल्या अंगणवाडीतच महिन्यातून एकदा समुपदेशक बसायला हवी, असं मी वरच्यांना सांगत आले आहे.

केस पेपरवर तिनं माहेरचं नाव आणि माहेरचाच पत्ता घातला होता. "ह्यांच्या कॅटेगरीवर येईल का?" जवानाच्या वैद्यकीय तंदुरुस्तीच्या 'शेप' श्रेणीतला (यालाच ते कॅटेगरी म्हणतात) पहिला घटक मानसिक स्थितीचाच असतो, हे तिला पक्कं माहीत होतं. ती तपासणी जवानाची असते, बायकोचे कागद त्यात जात नाहीत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, हे मी पुन्हा पुन्हा समजावलं. तिनं मान हलवली, नाव मात्र बदललं नाही.

दिलेल्या तारखेला ती आली नाही. आशाताईंना सासरच्या घरी पाठवलं तर गावभर होईल, आणि ती नेमकी त्यालाच घाबरत होती. त्या नावाचा कागद आला की थेट माझ्याकडे पाठवा, असं नोंदणीच्या खिडकीवर सांगून ठेवलंय.