अख्खा जॅम, मध्ये न बोलता: रविवार रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाची खबरबात

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड आणि त्याच्यासारख्या बँडांच्या संगीताचा आपला कार्यक्रम नुकताच एक तासाचा दोन तासांचा झाला होता आणि वाढलेल्या वेळेचं काय करायचं ते ठरत नव्हतं. आता ठरलंय. रविवारी रात्री नऊ ते अकरा या वेळात दर आठवड्याला एक तरी जॅम, म्हणजे वादकांनी आयत्या वेळी फुलवत नेलेलं लांब वादन, पूर्ण वाजतो. मध्येच आवाज उतरवायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, शेवटची टाळी विरेपर्यंत माझा माइक बंद. गप्पा, फोन, दौऱ्यांच्या बातम्या, छोटी गाणी हे सगळं त्या एका जॅमच्या आगेमागे बसवायचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: इथाकापासून तासाभराच्या अंतरावर, न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात आमचं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. लो-पॉवर एफएम, म्हणजे जास्तीत जास्त १०० वॉट. गावाबाहेरची टेकडी ओलांडली की गाडीतल्या रेडिओवर खरखर सुरू होते. पण इंटरनेटवरून प्रक्षेपण जगभर जातं, आणि आमच्या रविवार रात्री पुण्या-मुंबईत सोमवारची सकाळ असते. डोंबिवलीचे एक श्रोते पहिला तास चहाबरोबर ऐकतात आणि दुसरा लोकलमध्ये. त्यांच्या निरोपांवरून मला कळतं की जॅम ठाण्याला सुरू झाला आणि दादरला संपला.

एकच जॅम, पण पूर्ण, हा हट्ट कशासाठी? ग्रेटफुल डेडने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात त्यांचं एकच गाणं गेलं, तेही १९८७ साली. म्हणजे ज्या चार मिनिटांच्या गाण्यांवर रेडिओ चालतो, त्यात हा बँड कधी मावलाच नाही. त्यांचं खरं काम गाण्याचे शब्द संपल्यावर सुरू होतं. वादक चाचपडत असतात, कोणी काही सुचवतो, दुसरा ते घेत नाही, पाच-सात मिनिटं नुसतं भटकणं चालतं, आणि मग अचानक सगळे एकाच जागी पोचतात. त्या भटकण्याला कात्री लावली की पोचण्यातली मजाही जाते. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बढत गाळून नुसता द्रुत ऐकवला तर तो म्हणेल, अहो, गाणं कुठे ऐकवलंत?

आता नियमांबद्दल, कारण असा कार्यक्रम सुरू करायचा विचार असलेले दोघंतिघं हेच विचारत होते. अमेरिकेत एफएमवर वाजवताना गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळले की बहुतेक काम भागतं. इंटरनेटवर मात्र ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा कायदेशीर परवाना लागतो आणि त्याच्या अटी कडक आहेत. कुठल्याही तीन तासांत एका कलाकाराची चारच गाणी, त्यातली सलग तीनपेक्षा जास्त नाहीत. एका अल्बममधली तीनच, त्यातली सलग दोन. शिवाय कोणतं गाणं लावणार हे आधीपासून जाहीर करता येत नाही. डेडच्या कार्यक्रमाचा दुसरा सेट, म्हणजे मध्यंतरानंतरचा भाग, पूर्ण लावायचं माझं स्वप्न इथेच संपतं. 'लाइव्ह/डेड'मधली 'डार्क स्टार', 'सेंट स्टीफन', 'द इलेव्हन' ही साखळीसुद्धा सलग लावता येत नाही, कारण ती एका अल्बममधली तीन होतात.

पण याच नियमात आपल्यासारख्यांसाठी मोठी सोय आहे. गाणी मोजतात, मिनिटं नाही. पाऊण तासाचा जॅम हेही एकच गाणं! अट नीट वाचल्यावर कार्यक्रमाची रचनाच बदलली. डेडची चार गाणी, त्यातलं एक खूप लांब. उरलेल्या वेळात असेच जॅम करणारे ऑलमन ब्रदर्स, फिश, बिली स्ट्रिंग्स, आणि डेडच्या मंडळींनी स्वतंत्रपणे केलेल्या तबकड्या.

पहिला लांब जॅम म्हणून सिअ‍ॅटलचा २१ मे १९७४चा 'प्लेइंग इन द बँड' लावला. सुमारे ४६ मिनिटं, त्यांनी वाजवलेल्यांत सगळ्यांत लांब. या गाण्याची मूळ चाल दहा मात्रांची आहे. सुरुवातीला एवढंच सांगितलं की दहा मोजायला शिका, मग विसरून जा, अर्ध्यापाऊण तासाने ते दहा परत येतील तेव्हा ओळखता येतात का बघा. झपतालावर बोटं आपटत मोठे झालेले आपले लोक यात पुढे होते, हे अभिमानाने नोंदवते.

त्या रात्री आवाजाबद्दलही बोलले, कारण १९७४चं ध्वनिमुद्रण ऐकताना प्रत्येक नव्या श्रोत्याला एक गोष्ट खटकते: वाद्यं इतकी स्वच्छ, मग गायकांचा आवाज असा पातळ का? त्या वर्षी डेड 'वॉल ऑफ साउंड' घेऊन फिरत होते. सुमारे ६०० स्पीकर, वजन ७५ टनांच्या आसपास, आणि ही सगळी भिंत वादकांच्या पाठीमागे. म्हणजे जे प्रेक्षकांना ऐकू येतं तेच वादकांना. पण मग तो आवाज गायकांच्या माइकमध्ये शिरून शिट्टी वाजायची. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गायकासमोर एकावर एक असे दोन माइक, उलट्या फेजमध्ये जोडलेले. गायक वरच्यातच गाणार. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा पडतो, म्हणून तो आपापसांत खोडला जातो आणि गळा तेवढा उरतो. गळ्याचा भरदारपणा थोडा त्यातच जातो. हे सांगून जॅम लावला तेव्हा, पूर्वी हमखास यायची ती 'आवाज बिघडलाय' अशी तक्रार एकदाही आली नाही. श्रोत्याला कारण कळलं की त्याचा कान माफ करतो.

तांत्रिक बाजूला या हंगामात सगळ्यात जास्त वेळ सायलेन्स सेन्सरने खाल्ला. बहुतेक केंद्रांवर ही पेटी असते. काही सेकंद आवाज ठरावीक पातळीखाली गेला की प्रक्षेपण बंद पडलंय असं समजून ती साठवलेली गाणी आपोआप सुरू करते. एरवी उत्तम सोय. पण १९७८पासून डेडच्या दुसऱ्या सेटमध्ये जवळजवळ ठरूनच गेलेलं 'ड्रम्स' (नुसती तालवाद्यं) आणि 'स्पेस' (ताल सोडून मोकळं वादन) आठवा. 'स्पेस'मध्ये एखादा सूर लांबवर टांगून ठेवतात आणि बाकी काहीच नसतं. नेमक्या त्या जागी पेटीने बँजोचं एक उत्साही गाणं सुरू केलं. आमचे इंजिनियर सत्तरीतले आहेत, स्वतः जुने टेपर, म्हणजे प्रेक्षकांत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणारे. फोनवर त्यांना फार सांगावं लागलं नाही, ते घरी ऐकतच होते. आता आमच्या वेळेत पेटीची मर्यादा खाली आणि थांबण्याचा अवधी जास्त ठेवलाय. अकरा वाजता सगळं पूर्ववत.

दुसरी डोकेदुखी म्हणजे प्रोसेसर. एफएमचा प्रोसेसर हळू आवाज वर ओढतो आणि मोठा दाबतो. गाडीत ऐकायला बरं, पण जुन्या कॅसेटवरून आलेल्या ध्वनिमुद्रणात हळू जागी वर येते ती खरखरच. इंजिनियरांकडून एक हलकं सेटिंग करून घेतलं. आवाज इतर कार्यक्रमांपेक्षा किंचित लहान लागतो, तर लागू दे. जॅममधला चढउतार शाबूत राहतो आणि मला तेच हवंय.

प्रेक्षकांतून केलेल्या ध्वनिमुद्रणांविषयी एक व्यवहाराची गोष्ट. डेडने ऑक्टोबर १९८४पासून टेपर लोकांसाठी तिकिटांचा वेगळा विभागच ठेवला. त्याआधी मंडळी कुठेही माइक उभा करायची. अशा टेपमध्ये सभागृहाची हवा असते, लोकांचं गाणं असतं. सरळ मिक्सरमधून घेतलेल्या साउंडबोर्डमध्ये ती मिळत नाही. पण माइकशेजारचा उत्साही माणूस ऐन रंगात काय बोलेल याचा नेम नसतो. इथे असभ्य भाषेबाबतची सवलत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातच आहे. म्हणून आमच्याकडे पहिल्या तासात साउंडबोर्ड, आणि प्रेक्षकांतलं काही लावायचं तर दहानंतर. तेही ज्या बँडची ध्वनिमुद्रणाला मोकळीक आहे, त्यांचंच.

आता ज्या कार्यक्रमासाठी हे सगळं लिहायला बसले, तो: ९ मार्च २०२५. त्या दिवशी रविवार होता. तबल्याचे उस्ताद झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, यांचा वाढदिवस, आणि डिसेंबरात ते गेल्यानंतरचा पहिला. त्याच दिवशी इथली घड्याळं तासाने पुढे गेली, त्यामुळे भारतात कार्यक्रम साडेसातऐवजी साडेसहाला लागणार होता. मी आदल्या रविवारी हे तीनदा सांगितलं. तरी काहींचा पहिला तास हुकला, त्यांच्यासाठी क्रम इथे देते.

डेडचा ड्रमर मिकी हार्ट १९६७मध्ये तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ यांना भेटला आणि त्याच्या डोक्यातला ठेका कायमचा बदलला. 'द इलेव्हन' अकरा मात्रांची आहे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. पुढे अल्लारखाँचा, म्हणजे अब्बाजींचा मुलगा, माहीममध्ये वाढलेला झाकीर, कॅलिफोर्नियात आला आणि मरिन काउंटीतल्या अली अकबर कॉलेजात शिकवू लागला. तिथल्या विद्यार्थ्यांचा तालवाद्यांचा समूह त्याने उभा केला, त्यात मिकी हार्ट मिळाला, आणि १९७६ साली 'दिगा' ही तबकडी आली. तीत डेडच्या जेरी गार्सियाची गिटारही आहे. त्या तबकडीतला 'हॅपिनेस इज ड्रमिंग' हा तुकडा लक्ष देऊन ऐका. दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही म्हणाल, हे तर ओळखीचं आहे! यालाच पुढे शब्द मिळाले आणि 'फायर ऑन द माउंटन' तयार झालं. ते रंगमंचावर पहिल्यांदा आलं १८ मार्च १९७७ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात, 'स्कार्लेट बेगोनियाज' या गाण्यातून सरळ निघून. आणि दोन महिनेही झाले नव्हते तोच ८ मे १९७७, इथाकाचं कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल: डेडचा तो गाजलेला कार्यक्रम.

म्हणून क्रम असा: आधी 'दिगा'मधला तो तुकडा, मग माझी दोन वाक्यं, मग बार्टन हॉलचे 'स्कार्लेट' आणि 'फायर' सलग. एका अल्बममधली सलग दोन, नियमात चपखल. हे ध्वनिमुद्रण डेडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांचं. त्यांच्या टेपांचा साठा १९८६मध्ये गोदामाचं भाडं थकल्याने लिलावात गेला, हातोहाती फिरला. बार्टन हॉलचा हा कार्यक्रम पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत आला आणि २०१७मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. बाईंचं नाव मी दर वेळी घेते. त्या नसत्या तर आपण आज कशाबद्दल बोलत बसलो असतो?

'स्कार्लेट'मधून 'फायर'मध्ये ते कधी गेले, ही जागा हेडफोन लावून ऐका. गिटार अजून मागच्या गाण्यात रेंगाळत असते आणि डेडच्या फिल लेशचा बास हळूच पुढच्याचं पाऊल टाकतो. त्यानंतर दोनच कॉर्ड, बी आणि ए, आणि ते दोन कॉर्ड धरून मंडळी किती लांब जातात! लेशही आदल्या ऑक्टोबरातच गेले. त्या रात्री दोघांच्या नावाने एवढंच म्हटलं आणि फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केला.

जॅम चालू असताना फोनचा दिवा सारखा लुकलुकत होता. उचलायचा नाही हा नियम. संपल्यावर पहिला फोन घेतला तो निवृत्त स्कूलबस चालकाचा. ते बार्टन हॉलमध्ये होते. बाहेर पडले तर मे महिन्यात बर्फ पडलेला, गाडीची काच हातानेच साफ करावी लागली, आणि हीटर बंद होता तरी कोणाला थंडी वाजली नाही म्हणाले. मग डोंबिवलीचा निरोप आला: 'फायर सुरू झालं तेव्हा मुंब्रा. तबल्याचा आणि याचा असा संबंध आहे हे आज कळलं.'

एप्रिलात बार्टन हॉल बघून आले. कवायतीसाठी बांधलेली अवाढव्य इमारत, वर कमानीचं छप्पर, आत धावण्याचा ट्रॅक. मुलं शांतपणे चकरा मारत होती. मी मधोमध उभी राहून एकदा टाळी वाजवली. आवाज छताला जाऊन चांगला रेंगाळत परत आला. अशा जागेत बेटीबाईंनी इतकं कोरडं, नेटकं ध्वनिमुद्रण कसं काढलं, याचं आश्चर्य आता जास्तच वाटतं. त्याच रात्रीचं प्रेक्षकांतून केलेलं ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐका, ती टाळी त्यात सापडते.

पुढचं काम अकरा मात्रांचं. न्यू जर्सीत राहणारे एक तबलावादक काका स्टुडिओत यायला तयार झालेत. आधी ते माइकवर अकरा मात्रा हाताने धरून दाखवतील, मग तबल्यावर, मग ध्वनिमुद्रण. काकांची अट एकच आहे: तबला सुरात लावायला पुरेसा वेळ हवा आणि त्या वेळात स्टुडिओत कोणी बोलायचं नाही. तबल्यासाठी दोन माइक आणि हातांसाठी एक, असे तीन लागतील. कन्सोलवर एकच जागा मोकळी आहे, म्हणून छोटा मिक्सर शोधतेय. डग्ग्यासाठी कोणता माइक वापरता ते ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर कळवा.