रिकामा रकाना आणि शून्य

जिल्ह्यातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांचे मासिक अहवाल कागदावरून ऑनलाइन आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला धास्ती होती ती सर्व्हरची आणि नेटची. अकरा केंद्रांवर पथदर्शी प्रकल्प वर्षभर चांगला चालला होता. पण तिथे नवे संगणक होते, दर आठवड्याला भेट देणारा माणूस होता, प्रकल्पाचा वेगळा पैसा होता. उरलेल्या केंद्रांना यातलं काहीच मिळणार नव्हतं. विकसनशील देशांत असे प्रयोग पथदर्शी टप्प्यावरच थांबतात, हे मी वाचून होते. युगांडात तर मोबाइलवर चालणारे, एकमेकांशी न जुळणारे आरोग्य प्रयोग इतके वाढले, की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नव्या प्रयोगांना स्थगितीच दिली.

तांत्रिक बाजू मात्र लवकर मार्गी लागली. आम्ही डीएचआयएस२ वापरायचं ठरवलं. हे आरोग्याचे आकडे गोळा करून त्यांचे अहवाल काढणारं, ओस्लो विद्यापीठातून चालवलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला परवान्याचं शुल्क नाही. केनियाने २०११ मध्ये ते देशभर नेताना जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं बसवलं नाही. एकच मध्यवर्ती सर्व्हर ठेवला आणि जिल्ह्यांतून मोबाइल इंटरनेटने आकडे भरले. आम्हीही तोच रस्ता धरला. मध्येच नेट गेलं तरी भरलेले आकडे ब्राउझरमध्ये राहतात, नेट आल्यावर वर चढवता येतात. एवढ्यावर निम्मी काळजी मिटली.

खरी अडचण दिसली ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी, एका केंद्रात सिस्टरांच्या शेजारी बसल्यावर. त्यांच्यासमोर प्रसूतीचं रजिस्टर उघडं होतं. डाव्या हाताचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं आणि उजवा हात टॅली शीटवर चार उभ्या रेघा ओढून पाचवी आडवी मारत होता. मध्येच कोणी रुग्ण दारात आला की त्या उठायच्या आणि परतल्यावर पानाच्या वरच्या टोकापासून पुन्हा मोजायच्या. त्या महिन्याच्या प्रसूती आल्या एकतीस. हाच आकडा तीन वेगवेगळ्या फॉर्मवर मागितलेला होता. एकावर ‘प्रसूती’, दुसऱ्यावर ‘जिवंत जन्म’ आणि तिसऱ्यावर नुसतं ‘जन्म’.

“मॅडम, या तिसऱ्यात मृतजन्म धरायचा की नाही? आणि जुळी झाली तर एक लिहू की दोन?” त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक केंद्र आपापल्या समजुतीने तो रकाना भरत होतं आणि आम्ही कार्यालयात बसून त्यांची बेरीज करत होतो. हे फॉर्म जसेच्या तसे संगणकावर चढवले असते, तर हाच गोंधळ फक्त जास्त वेगाने वर पोचला असता.

म्हणून विस्तार थांबवला आणि आधी फॉर्म कमी करायला घेतले. त्यात चार महिने गेले. दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर वंशानुसार विभागलेल्या आरोग्य यंत्रणा एकत्र करताना हाच प्रश्न आला होता. त्यांनी सगळ्यांना मान्य होईल असा किमान आकड्यांचा एक संच ठरवला. डीएचआयएस२ ज्यातून पुढे आलं, त्या मूळ डीएचआयएसचा जन्मही त्याच कामातला. त्यांची पद्धत डोळ्यांपुढे होती, तरी आमच्या बैठका तापायच्याच. क्षयरोग, लसीकरण, माता-बाल आरोग्य, मलेरिया, प्रत्येक कार्यक्रमाला आपला एकही रकाना सोडवत नव्हता. मी प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न लावत गेले: हा आकडा वाढला किंवा घटला, तर तुम्ही काय करणार? उत्तर आलं तर रकाना राहिला. ‘वर पाठवणार’ असं आलं तर काढला. मोठ्या रुग्णालयालाच लागणारा तपशील छोट्या केंद्रांच्या फॉर्मवरून उतरवला.

तरीही एक चूक आमच्या नजरेतून सुटली. एका केंद्राचा मलेरियाचा रकाना तीन महिने कोरा होता. आम्ही त्याचा अर्थ ‘रुग्ण नाही’ असा लावला. प्रत्यक्षात तिथल्या तपासणी किट संपल्या होत्या आणि तापाचे रुग्ण तपासणीविनाच परत जात होते. या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम सांगितल्याशिवाय शून्य साठवलं जात नाही, हे मला माहीत होतं. त्याचा परिणाम काय होतो, ते तेव्हा लक्षात आलं: शून्य आणि कोरा रकाना अहवालात सारखेच दिसतात. त्या तीन महिन्यांची बोच अजून जात नाही. रोगांच्या सगळ्या रकान्यांना आम्ही शून्य साठवण्याची सोय चालू केली आणि प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात याच गोष्टीने करू लागलो.

दुसरी डोकेदुखी टक्केवारीची. काही केंद्रांचं लसीकरण १०० टक्क्यांच्या वर जायचं, कारण छेदातली बालकांची संख्या जुन्या जनगणनेवरून काढलेला अंदाज होती. सिस्टरांना उगाच खोटारडं ठरवलं जायचं. मग आम्ही केंद्रांच्या तक्त्यावर पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या पहिल्या आणि तिसऱ्या डोसमधली गळती आणली. त्याला लोकसंख्या लागत नाही. दोन्ही आकडे सिस्टरांच्याच रजिस्टरमधले. एका केंद्रात पहिला डोस साठ बाळांना आणि तिसरा बेचाळीस बाळांना, म्हणजे गळती ३० टक्के. तो तक्ता बघून तिथल्या सिस्टरांनी स्वतःहून रजिस्टरमधून राहिलेल्या बाळांची नावं काढली. बहुतेक जण नदीपलीकडच्या दोन वस्त्यांमधले निघाले. पुढच्या महिन्यात लसीकरणाचं सत्र पलीकडे लागलं.

तिथून विस्ताराला जोर आला. आपल्या केंद्राचा तक्ता आपल्यालाच बघायला मिळतो, हे कळल्यावर आकडे वेळेत येऊ लागले. जिल्ह्यातली सगळी केंद्रं यायला दोन वर्षं लागली. रजिस्टरं अजून कागदावरच आहेत, आणि माझ्या मते तूर्त तेच बरं. प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकावर न्यायची तर माणसं वाढवायला हवीत.

किट संपलेल्या त्याच केंद्रातून गेल्या पावसाळ्यात सकाळी फोन आला. “मॅडम, मलेरियाचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवलाय. किट परवाच संपल्या. शून्य समजू नका.” दुपारी लसींच्या गाडीतून किट रवाना केल्या.