कलादगीच्या कललेल्या थरांवर

पुण्याकडच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला थरांचा कल मोजायला घरची जमीन फारशी उपयोगी पडत नाही. सह्याद्रीतले बेसॉल्टचे थर नजरेला आडवेच दिसतात आणि त्यांचा जेमतेम अंशभराचा उतार हातातल्या होकायंत्राने पकडणे कठीण असते. म्हणून आमची क्षेत्रभेट कर्नाटकात बागलकोटकडे निघाली. विजापूर मागे पडेपर्यंत काळ्या खडकाने सोबत केली; बागलकोटच्या परिसरात मात्र कलादगी खोऱ्यातले, म्हणजे प्राचीन गाळ साचलेल्या खोलगट भागातले, क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचे थर तिरके जमिनीत शिरताना दिसले.

सरांनी आधी ब्रंटन, म्हणजे थरांचा कल मोजायचे होकायंत्र, बाहेर काढूच दिले नाही. बाटलीतले थोडे पाणी त्यांनी थराच्या उघड्या पृष्ठावर ओतले. ओघळ धावला ती नतीची, म्हणजे थराच्या उताराची, दिशा, आणि तिला काटकोनात त्याच पृष्ठावर खडूने ओढलेली आडवी रेषा म्हणजे नतिलंब. मग खडबडीतपणा झाकण्यासाठी थरावर वही ठेवायची, यंत्राची कड तिला टेकवायची, गोल बुडबुडा मध्यावर आणायचा आणि सुई स्थिरावली की आकडा वाचायचा. हातोडा तेवढा वेळ दूर ठेवायचा, नाहीतर सुई लोखंडाकडे वळते. ब्रंटनच्या तबकडीवर पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल केलेली असते, कारण फिरते ते यंत्र, सुई उत्तरेलाच धरून असते. ही युक्ती कळल्यावर मला त्या यंत्राबद्दल फारच आदर वाटू लागला. शेवटी यंत्र आडव्या कडेवर उभे करून खडूच्या रेषेला काटकोनात नती मोजायची.

हा काटकोन सर्वांत महत्त्वाचा. थराची खरी नती ४० अंश असली आणि रस्त्यासाठी कापलेली भिंत नतिलंबाशी ३० अंशांचा कोन करत असली, तर त्या भिंतीवर थर जेमतेम २३ अंश कललेला दिसतो. दुरून दिसणाऱ्या कलावर विसंबून नकाशा काढणाऱ्यांचे काय होत असेल, ते देवच जाणे.

बदामीला लेण्यांच्या तांबड्या वालुकाश्मात प्रश्न उलटा होता. तिथे तिरप्या रेषा भरपूर दिसतात, पण त्या प्राचीन प्रवाहांनी वाळू टाकताना एकेका थराच्या पोटात तयार झालेल्या असतात. मोजायची ती त्यांना वर-खाली बांधणारी मुख्य पृष्ठे, आणि ती जवळजवळ सपाट आहेत. खालचे बागलकोट समूहाचे, म्हणजे आधी पाहिलेल्या क्वार्ट्झाइटच्या थरांसारखे, खडक वळ्या पडून झिजल्यानंतर हे बदामीचे थर त्यांच्यावर साचले, म्हणूनच दोघांच्या नतीत एवढी तफावत आहे. इतक्या सपाट पृष्ठावर यंत्र जरासे हलले तरी नतिलंबाचा आकडा कुठल्या कुठे जातो, त्यामुळे बदामीच्या नोंदीत आम्ही दिशा लिहिलीच नाही; फक्त ‘थर जवळजवळ आडवे’ एवढेच लिहिले.